श्रम, विश्रांती आणि उपासना : पवनारच्या आश्रमाकडे पाहताना



मंदिराच्या नदीकाठच्या जागेवर येत्या माघ महिन्यात पाच दिवसांचे निवासी साधना-शिबिर भरविण्याचा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे, हे सूचना-फलकावरून आपणांस कळलेच असेल. या शिबिराच्या स्वरूपाविषयी मागील सभेत बरीच चर्चा झाली. काही सभासदांचे म्हणणे असे की, आचारी व सेवक नेमावेत, राहण्याची सोय उत्तम करावी, म्हणजे वर्षभर कामाने थकलेल्या भाविकांस संपूर्ण विश्रांती मिळेल आणि सारा वेळ नामस्मरणात जाईल. दुसरे मत असे पडले की, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची सर्व कामे शिबिरार्थींनीच करावीत. या दोन मतांचा ऊहापोह चालू असताना एका ज्येष्ठ भगिनींनी अगदी मोजक्या शब्दांत तिसरा मुद्दा मांडला. मुक्काम सर्वांचा आणि पोळ्या मात्र आमच्या, असे होणार असेल तर आम्ही घरीच बऱ्या, असे त्या म्हणाल्या. सभेत हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. किंबहुना श्रम, विश्रांती व उपासना यांचा मेळ कसा घालावा, या विषयाचे मर्मच त्यात होते असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे या तीन गोष्टींची वाटणी साधारणपणे ठरून गेलेली आहे. आठवडाभर नोकरी-व्यवसाय, रविवारी विश्रांती आणि अध्यात्म निवृत्तीनंतर. प्रत्यक्षात रविवार आठवड्याची राहिलेली कामे उरकण्यात जातो, आणि निवृत्तीनंतर अध्यात्माची गोडी लागावी तर तोवर शरीर साथ देईनासे होते. श्रीमद्भगवद्गीतेने अशी वाटणी केलेली नाही. सहाव्या अध्यायात, जेथे ध्यानयोगाचे विवेचन चालू आहे तेथेच, अति खाणाऱ्यास व अजिबात न खाणाऱ्यास, अति झोपणाऱ्यास व सतत जागणाऱ्यास योग साधत नाही असे भगवंतांनी सांगितले आहे. पुढच्याच, म्हणजे सतराव्या श्लोकात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांना 'युक्त' हे एकच विशेषण लावले आहे. झोप ही साधनेच्या बाहेरची गोष्ट नाही, तसेच काम हेही नाही. तत्त्व म्हणून हे आपण अनेक प्रवचनांतून ऐकलेले आहे. ते दहा-वीस माणसांच्या एकत्र राहण्यात उतरवायचे कसे, हे पाहावयाचे झाल्यास वर्ध्याजवळील पवनार येथील आश्रमाचे उदाहरण आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. जवळचे अशासाठीही की, या आश्रमाची कथा एका अर्थी आपल्या बडोद्यातूनच सुरू होते.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म दिनांक 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहर शंभूराव नोकरीनिमित्त बडोद्यास आले व त्यांच्यामागोमाग कुटुंबही येथे आले. विनोबांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण येथेच झाले. मातोश्री रुक्मिणीबाई यांच्या मुखातून ऐकलेली संतांची पदे, ग्रंथालयातील वाचन आणि मित्रांबरोबर पायी केलेली मैलोन्‌मैल भटकंती यांतून त्यांचे तारुण्य घडले. येथील मराठी समाजातील कितीतरी कुटुंबे त्याच काळात येथे स्थिरावली. आपल्या पणजोबांच्या पिढीने त्यांस रस्त्याने जाताना पाहिलेही असेल. दिनांक 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास निघालेले विनोबा सुरत स्थानकावर उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. ब्रह्मजिज्ञासेसाठी गृहत्याग, असे या घटनेचे वर्णन केले जाते. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

काशीस असताना गांधीजींच्या तेथील भाषणाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी पहिली भेट झाली. ब्रह्माचा शोध घेण्यास निघालेला वीस वर्षांचा हा तरुण तेथे पोहोचला तेव्हा गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी त्याच्याही हाती चाकू दिला. विनोबांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. देशात ज्यांच्या नावाचा बोलबाला होऊ लागला आहे असा पुरुष स्वतः भाजी चिरतो, हे त्यांनी यापूर्वी पाहिले नव्हते. आपल्या घराघरांतून मातोश्री व भगिनी रोज भाजी चिरीत होत्याच, त्याचे नवल कोणास वाटले नव्हते, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

गांधीजींच्या या रीतीमागे दीर्घ प्रयोग होता. दक्षिण आफ्रिकेत 1904 साली रस्किनचे पुस्तक वाचल्यानंतर त्यांनी दरबानजवळ फिनिक्स येथे वसाहत केली. 1910 साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. शेती, सुतारकाम, चपला शिवणे, स्वयंपाक ही कामे वकील, संपादक व सत्याग्रही यांनी वाटून घेतली. पुढे आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य, अहिंसा, अस्तेय यांच्या पंक्तीस शरीरश्रमालाही स्थान मिळाले. जो अन्न खातो त्याने अन्नासाठी अंगमेहनत केली पाहिजे, बुद्धीचे काम करतो म्हणून त्याची यातून सुटका नाही, असा या व्रताचा आशय आहे. आपल्या परंपरेत यज्ञाची जी कल्पना आहे, तिच्याशी गांधीजींनी ही गोष्ट जोडली.

विनोबा 8 एप्रिल 1921 रोजी जमनालाल बजाज यांच्या इच्छेवरून वर्ध्यास गेले आणि पुढे तोच त्यांचा प्रदेश झाला. सूतकताईवर मिळेल तेवढ्याच मजुरीत निर्वाह करून पाहणे, खेड्यांतून फिरणे, तुरुंगवास, अध्यापन असा सतरा वर्षांचा अविश्रांत क्रम झाल्यावर 1938 साली त्यांची प्रकृती फारच खालावली. वजन चिंताजनक उतरले. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असे गांधीजींचे सांगणे पडले. विनोबांनी वर्ध्यापासून अवघ्या काही मैलांवरील पवनार हे ठिकाण निवडले. धाम नदीच्या काठी, टेकाडावर जमनालालजींचा एक बंगला होता, तेथे ते राहावयास गेले. वाटेत नदीवरील पूल ओलांडताना आपण सर्व चिंतांचा त्याग केला, असे त्यांनी मनोमन म्हटले. आश्रमाचे काय होईल, विद्यार्थ्यांचे काय होईल, हा विचार पुलाच्या अलीकडे राहिला.

आणि मग विश्रांती म्हणून त्यांनी काय केले? बंगल्याच्या आवारात कुदळीने जमीन खणावयास घेतली. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग रोज किंचित वाढवीत, मध्ये थांबत, मोकळ्या हवेत व उन्हात. काही महिन्यांत वजन भरून आले व प्रकृती सुधारली.

या प्रसंगावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण विश्रांतीसंबंधीची आपली समजूत येथे तपासून घेता येते. आपण विश्रांती म्हणजे काम थांबविणे असे धरून चालतो. परंतु दोन दिवसांची रजा घेऊन घरी बसलेल्या माणसाचे काम थांबते, काळजी थांबत नाही. दूरध्वनी वाजत राहतो, हिशेब डोक्यात फिरत राहतात. विनोबांनी नेमके उलट केले. त्यांनी काळजी थांबविली आणि शरीराला झेपेल असे, एकाच प्रकारचे, डोळ्यांसमोर फळ दिसणारे काम चालू ठेवले. खणलेली जमीन सायंकाळी दिसते. तीत निर्णय घ्यावयाचे नसतात, कोणाची मर्जी सांभाळावयाची नसते. (यावरून कोणी आजारी नातलगाच्या हाती कुदळ देऊ नये, ही नम्र विनंती. विनोबा त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते, त्यांचे शरीर व्रतस्थ होते, आणि वाढ त्यांनी मोजूनमापून केली.)

याच आवारात खणताना एक शिल्प सापडले. ते राम-भरत भेटीचे आहे असे विनोबांनी ओळखले. आता त्यामागील योग पाहा. 1932 साली धुळे येथील तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, हे सर्वश्रुत आहे. बाराव्या अध्यायावरील प्रवचनात सगुण व निर्गुण भक्तीचे दाखले म्हणून त्यांनी लक्ष्मण व भरत यांची तुलना केली. लक्ष्मण सदैव प्रभूंच्या सन्निध; भरत दूर अयोध्येत राज्याचे काम ओढीत, परंतु तेथेही तपस्व्याप्रमाणे राहत. चौदा वर्षांनी भेट झाली तेव्हा दोघांत राम कोण व भरत कोण हे सांगणे कठीण, असे चित्र कोणी काढावे, असेही ते बोलून गेले होते. सहा वर्षांनंतर तशीच भेट त्यांच्या कुदळीखालून वर आली. त्या मूर्तीची पवनारास स्थापना झाली. आमच्या दृष्टीने भरताचे उदाहरण गृहस्थाश्रमी भक्ताला फार धीर देणारे आहे. मंदिरात ज्यांस रोज येता येत नाही, ज्यांची सेवा दूर कोठेतरी कारखान्यात, कचेरीत किंवा रुग्णाच्या उशाशी चालू असते, त्यांची भक्ती उणी नव्हे.

स्वातंत्र्यानंतर 1950 साली पवनारास 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू झाला. पैशाचा आधार सोडून, जे हातांनी पिकेल व कातले जाईल त्यावर राहावयाचे, असा तो संकल्प होता. भाजीचा मळा केला, विहीर खणली, मोटेला बैल न लावता माणसांनीच राहाट फिरवून पाणी काढले. सोबतीस तरुण कार्यकर्ते होते. पुढच्याच वर्षी विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास पायी निघाले, 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला आणि त्यानंतरची तेरा-चौदा वर्षे ते देशभर चालतच राहिले. कांचनमुक्तीचे अनुकरण आपण करावे असे आम्ही सुचवीत नाही. आपले संस्थान नोंदणीकृत विश्वस्त संस्था आहे व धर्मादाय आयुक्तांस हिशेब द्यावा लागतो. परंतु एक निरीक्षण उपयोगी आहे. पैसा मध्ये असला की कोणाचे काम कोणाच्या वाट्यास आले हे दिसेनासे होते. आचाऱ्याला पैसे दिले की आपण जेवलो, एवढेच उरते. पैसा बाजूस सारला की पंगतीतील प्रत्येक पानामागे कोणाचे तरी दोन तास आहेत हे उघड होते.

पदयात्रा चालू असतानाच दिनांक 25 मार्च 1959 रोजी विनोबांनी पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. बडोदे सोडल्याची तीच ती तारीख. स्वतः ज्या शोधासाठी ते घराबाहेर पडले, त्याच शोधासाठी त्रेचाळीस वर्षांनी त्यांनी स्त्रियांकरिता दार उघडले. हे ठिकाण मुख्यत्वे भगिनींचे आहे. संन्यासाचा, वेदान्तविचाराचा अधिकार शतकानुशतके पुरुषांच्या हाती राहिला. स्त्रियांतून शंकराचार्यांच्या तोडीच्या ब्रह्मवेत्त्या निघाव्यात अशी विनोबांची आकांक्षा होती. आणि साधना एकेकट्याची न राहता सामूहिक व्हावी, हा त्यांचा दुसरा आग्रह.

तेथील दिनक्रम साधा आहे. पहाटे ईशावास्य उपनिषदाचा पाठ, सकाळी कामाच्या मध्यावर विष्णुसहस्रनाम आणि सायंकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे. ईशावास्याचे अवघे अठरा मंत्र. त्यातील पहिला मंत्र त्यागाने भोगावयास सांगतो, तर दुसरा कर्म करीत शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावयास सांगतो. दिवसाची सुरुवात या जोडीने होते. मग शेती, गोशाळा, कताई, स्वयंपाक, सफाई. 'मैत्री' हे हिंदी मासिक येथून निघते. त्याचे खिळे जुळविणे व छपाई हेही भगिनींनी अनेक वर्षे स्वतःच्या हातांनी केले. ज्या हातांनी शेण काढले त्याच हातांनी उपनिषदाच्या विवेचनाची अक्षरे जुळविली. तिन्ही प्रार्थना कामाला ठराविक जागी थांबवितात. काम उरले म्हणून प्रार्थना पुढे ढकलावयाची नसते, प्रार्थना लांबली म्हणून गाईंची धार थांबवावयाची नसते. विनोबा 1970 साली तेथे परतले व क्षेत्रसंन्यास घेऊन अखेरपर्यंत, म्हणजे 15 नोव्हेंबर 1982 पर्यंत, तेथेच राहिले. त्या वर्षांत आवारातील काडीकचरा वेचण्यात ते बराच वेळ घालवीत. एकेक काडी उचलणे त्यांस माळेचा एकेक मणी ओढण्यासारखे वाटे.

या सर्वाहून महत्त्वाच्या आम्हांस दोन व्यवस्था वाटतात. पहिली अशी की, तेथे व्यवस्थापिका किंवा मठाधिपती असे कायमचे पद नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. एकीचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो. बहुमताने काम लवकर उरकते हे खरे, पण जे हरतात ते नाखुशीने कामास लागतात आणि नाखुशीचे काम दुप्पट थकविते. दुसरी व्यवस्था पाळीची. स्वयंपाकघर एकीचेच नसते. आज जी चुलीपुढे आहे ती उद्या मळ्यात, परवा छापखान्यात. त्यामुळे अध्ययन एकीचे व भांडी दुसरीची, अशी विभागणी घट्ट होत नाही. असे जीवन सोपे मात्र नव्हे. सर्वसंमतीसाठी बैठकांत बैठका घालाव्या लागतात, स्वभाव एकमेकांस घासतात, आणि तेथील साधकांची संख्याही कधी फार मोठी नव्हती.

हे सर्व गांधी-विनोबांच्या आश्रमापुरतेच आहे, आपल्या वारकरी परंपरेत त्यास आधार काय, असे कोणी विचारील. आषाढीच्या वाटेवर हाच मेळ शतकानुशतके घातला जात आहे. पहाटे काकडा, दिवसभर वाटचाल व भजन, रात्री कीर्तन. आणि मध्ये 'विसावा'. विसावा ही वारीतील केवळ सवड नव्हे, ती नेमलेली जागा आहे, ठरलेली वेळ आहे, पालखीसुद्धा तेथे टेकते. देवानेच विश्रांती घेतली तर भक्ताने ती घेताना अपराधी वाटून घेण्याचे कारण उरत नाही! माउलींच्या सोहळ्यातील सायंकाळची समाजआरती ज्यांनी पाहिली असेल त्यांस आठवेल की, तळावर सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्यावर चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ क्षणात शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जाऊन तक्रार ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते. मग आरती. तक्रार न ऐकता आरती करावयाची नाही, ही केवढी जाणती रीत आहे! एकत्र राहणे जेथे आहे तेथे कुरबुर असणारच. ती दिवस मावळण्यापूर्वी, देवासमोर, उघडपणे ऐकली जावी.

आता आपल्या शिबिराकडे वळतो. आपल्याकडे उत्सवांत महाप्रसादाचा भार पिढ्यान्‌पिढ्या भगिनीवर्ग आनंदाने उचलीत आला आहे. आनंदाने उचलीत आला हे खरे. परंतु त्या वेळी सभामंडपात चाललेले कीर्तन त्यांस स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून ऐकावे लागते हेही खरे. एकाची उपासना दुसऱ्याच्या न थांबणाऱ्या कामावर उभी असेल तर तीत संतुलन आहे असे म्हणता येत नाही. एका माणसाचा दिवस पाहून संतुलन आहे की नाही ते ठरत नाही, सगळ्या मुक्कामाचा दिवस एकत्र पाहावा लागतो. म्हणून आम्ही थोडा हिशेब मांडला.

चाळीस शिबिरार्थी धरले व पाच दिवसांची दोन वेळची जेवणे धरली, तर एकूण दहा जेवणे होतात. आठ-आठ जणांचे पाच गट केले, तर प्रत्येक गटाच्या वाट्यास पाच दिवसांत केवळ दोन जेवणांचा स्वयंपाक येतो. म्हणजे कोणाचीही फार तर दोन सत्रे बुडतील. याउलट नेहमीच्या रीतीने आठ भगिनींनीच सर्व जेवणे केली, तर त्यांची दहाही सत्रे जातात. इतर बत्तीस जणांस पूर्ण शिबिर आणि आठ जणींस शून्य. भांडी, पाणी, झाडलोट यांचाही हिशेब असाच आहे. आचारी नेमल्यास हा प्रश्न सुटतो असे वरवर दिसते. पण आचारीही माणसेच आहेत, आणि त्यांपैकी कोणास हरिपाठास बसावेसे वाटले तर त्याची सोय आपण केलेली नसते. प्रत्येक गटात स्त्री-पुरुष मिसळून असावेत, चुलीपुढे केवळ भगिनी व पाणी भरण्यास केवळ बंधू अशी सोयीस्कर वाटणी गटांतर्गत होऊ नये, याकडे लक्ष द्यावे लागेल.

शौचालयांची सफाई पाळीत असावी किंवा नसावी, यावर मतभेद आहेत. गांधीजींच्या आश्रमात हे काम आश्रमवासीयांनी स्वतः केले आणि त्यामागे केवळ आरोग्याचा विचार नव्हता. एका समाजघटकावर लादलेले काम सर्वांनी उचलण्याचा तो विचार होता. आमचे मत ते पाळीत असावे असेच आहे. ज्येष्ठ व आजारी यांस अर्थातच सूट राहील, ती इतर कष्टाच्या कामांतही राहील. त्यांच्यासाठी निवडणे, सोलणे, वाती वळणे, पोथीवाचन अशी बैठी सेवा आहे आणि तिची मोजणीही पाळीतच होईल.

जागेविषयी दोन शब्द. नदीकाठच्या त्या जागेवर कडुनिंब, आंबा व चिंच यांची जुनी झाडे आहेत. मंडपासाठी एकही फांदी तोडावयाची नाही. पत्रावळी पळसाच्या पानांच्या आणाव्यात, म्हणजे त्या उष्ट्यासह खड्ड्यात जाऊन खत होतील. माघातील पहाट आपल्याकडे चांगलीच गार असते. काकड्यास उठावयाचे तर रात्री नऊस दिवे मालविणे भाग आहे. म्हणून रात्रीचा प्रखर उजेड व ध्वनिवर्धक नको, असा आमचा आग्रह आहे. अंधार पडला की झोप आपोआप येते, हे शहरातील आपण जवळजवळ विसरलो आहोत. दुपारी जेवणानंतर दीड तास मौन राहील. त्यात कोणी वामकुक्षी करावी, कोणी झाडाखाली बसावे, कोणी नदीकडे पाहावे. या वेळात प्रवचन ठेवण्याची सूचना काही उत्साही सभासदांनी केली आहे. ती नम्रपणे बाजूस ठेवावी असे वाटते. भ्रमणध्वनी संच कार्यालयात जमा करून सायंकाळी अर्धा तास परत मिळतील. घरी लहान मुले किंवा वृद्ध असलेल्यांचे निरोप कार्यालयातून त्वरित पोहोचविले जातील. सायंआरतीपूर्वी दहा मिनिटे तक्रारींसाठी राखून ठेवावीत व कोणाची काही तक्रार असेल तर ती ऐकल्याशिवाय आरती सुरू करू नये, हा वारीतील पाठ आपण उचलावा.

या सर्व गोष्टी अद्याप प्रस्तावाच्या स्वरूपात आहेत. पुढील मासिक सभेत त्यांवर विचार होऊन, शक्यतो सर्वसंमतीने, निर्णय घेतला जाईल. ज्यांस सूचना करावयाच्या असतील त्यांनी त्या लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात. भगिनींनी विशेष करून द्याव्यात, व सभेस उपस्थितही राहावे. सभेची वेळ या कारणाने सायंकाळऐवजी दुपारी तीनची ठेवली आहे. शिबिरात येऊ इच्छिणाऱ्यांनी नावाबरोबर आपले वय, प्रकृतीविषयी काही सांगण्यासारखे असल्यास ते, आणि येत असलेली व न येणारी कामे लिहावीत. पहिल्या दिवसाच्या सायंकाळच्या पाळीत विश्वस्त मंडळातील आठ सभासदांची नावे घातली आहेत. त्या रात्री बाजरीची भाकरी व वांग्याची भाजी असा बेत आहे. आठांपैकी तिघांस भाकरी थापता येते, असे चौकशीअंती कळले. उरलेल्या पाच जणांनी माघ महिना लागण्यापूर्वी घरी शिकून घ्यावे.

— सचिव, विश्वस्त मंडळ